मूळ, मालिका आणि मध्यस्थ

मनुष्य दुसऱ्याला फुकट देण्यास ज्या वस्तू सदैव तयार असतो त्यांत सल्ला, औषध आणि सोयरिकीची स्थळे या तिहींची गणना पूर्वापार होत आली आहे; परंतु गेल्या काही वर्षांत या यादीत चौथ्या वस्तूची भर पडली असून, तिच्या वाटपात दात्यांनी दाखविलेला उत्साह पाहता पहिल्या तिहींचे भाव उतरले आहेत असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. ही चौथी वस्तू म्हणजे ‘अमुक मालिका तुम्ही पाहिलीच पाहिजे’ ही शिफारस. गेवराई तालुक्यातील आमचे उमापूर जगाच्या राजमार्गावर नसले तरी जगाच्या मागेही नाही, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी एखाद्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहावे, म्हणजे कपाशीचा भाव, मुकादमाची उचल आणि जायकवाडीचे पाणी या नित्याच्या विषयांचा निकाल लागताच स्पेनमधील दरोडेखोरांची टोळी आणि कोरियातील जीवघेणे खेळ यांविषयी किती अधिकारवाणीने निवाडे दिले जातात, हे त्यांच्या प्रत्ययास येईल.

शिफारस करणाऱ्यांत पहिला मान आज्ञार्थी बोलणाऱ्याचा. ‘बघाच’ या एका शब्दापलीकडे तो काही बोलत नाही, आणि कारण विचारल्यास आपल्या अज्ञानाची कीव करीत दुसरा चहा मागवितो, तोही आपल्याच खात्यावर. दुसरा सहनशीलतेचा उपदेशक. ‘पहिले पाच भाग रटाळ आहेत, पण तेवढे सोसा, सहाव्यापासून पकड घेते,’ असे तो निर्विकार मुद्रेने सांगतो. पाच भाग म्हणजे पाच तास, आणि तेवढ्या अवधीत एस. टी.त बसलेला मनुष्य पुण्याच्या आसपास पोहोचलेला असतो, याचे त्याला सोयरसुतक नसते. तिसरा शपथेवर बोलणारा. ‘गोष्ट सांगून तुमची मजा घालवीत नाही,’ असे वचन देऊन तो एवढेच सुचवितो की ज्याच्यावर संशय जाईल तो निर्दोष आहे, ज्याच्यावर मुळीच जाणार नाही त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, आणि सातव्या भागात जी बाई मेली असे वाटते ती मेलेली नाही.

चौथा केवळ शिफारस करून थांबत नाही. तिच्या अंमलबजावणीवर तो जातीने देखरेख ठेवतो. सकाळी दुधाची किटली घेऊन बाहेर पडावे तो हा समोर हजर : “काय गुरुजी, कुठवर आलाव?” दुसऱ्या भागात, असे ओशाळून सांगावे तर “अजून दुसऱ्यातच?” या प्रश्नातील खेद मुलगा नापास झाल्याचे ऐकणाऱ्या बापाच्या मुखीही आढळणार नाही. या तगाद्याला कंटाळून न पाहिलेल्या मालिकेविषयी “वा, शेवट मात्र अफाट केलाय!” असे ठोकून देणारे सभ्य गृहस्थ गावात पुष्कळ आहेत, आणि त्या शेवटावर शिफारस करणाराही डोळे मिटून मान डोलावतो, यावरून त्यानेही ती मालिका शेवटपर्यंत पाहिली नसावी असा कयास बांधण्यास पुरेशी जागा राहते.

पाचवा म्हणजे हिंजवडीला संगणकाच्या नोकरीत असलेला आणि दिवाळीपुरता गावी येणारा पुतण्या. अशाच एका पुतण्याने विक्रम चंद्र यांच्या २००६ सालच्या कादंबरीवरून २०१८ साली निघालेली ‘सेक्रेड गेम्स’ ही मालिका आपल्या चुलत्याला मोठ्या तळमळीने सुचविली. मूळ ग्रंथ नऊशे पानांचा, अंमलदार सरताज सिंग, गुन्हेगार गणेश गायतोंडे म्हणजे आडनावाने तरी आपल्यातलाच, अशी इत्यंभूत माहिती त्याने दिली. ती कोणासमवेत पाहू नये एवढे सांगण्याचे मात्र राहून गेले. तुळशीपुढे दिवा लावून नुकत्याच आत आलेल्या मातोश्री, सुना आणि नातवंडे यांच्या सान्निध्यात पहिला भाग सुरू झाला, आणि थोड्याच वेळात त्या घरातील प्रत्येक व्यक्तीला निरनिराळ्या खोलीत निकडीचे काम निघाले.

परंतु हे पाचही परवडले असे म्हणण्याची पाळी आणणारा सहावा एक इसम प्रत्येक गावात असतो. तो मालिका सुचवीत नाही; दुसऱ्याने सुचविलेली मालिका आपण पाहून, तिने भारावून जाऊन, तिची वाखाणणी करू लागलो की तो शांतपणे पानाला चुना लावीत म्हणतो, “पुस्तकात असं नाहीये.” आमच्या गावी हे पद एका निवृत्त तलाठीअण्णांकडे आहे. सारी हयात सातबाराच्या उताऱ्यांत आणि फेरफाराच्या नोंदींत गेल्यामुळे कोणत्याही कलाकृतीकडे ते मिळकत म्हणूनच पाहतात. मूळ मालक कोण, हस्तांतर कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे झाले, गाव नमुना सहाला नोंद घेतली काय, हितसंबंधितांना नोटीस बजावून हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत दिली होती काय, आणि मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित केली काय, इतक्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावाचून ते कोणत्याही रूपांतराला मान्यता देत नाहीत. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या १९७२ सालच्या कादंबरीवरून २०१५ साली निघालेल्या ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी या दोघींनी मिळून पिंगा घातला, तेव्हा “ही नोंद कोणाच्या हुकमाने घेतली?” असा त्यांनी केलेला सवाल आजतागायत अनुत्तरित आहे.

त्यांच्या या बाण्याला एक स्थानिक कारणही आहे. माधवराव पेशवे आणि निजामअली यांची लढाई १० ऑगस्ट १७६३ रोजी ज्या राक्षसभुवनापाशी झाली, ते गोदाकाठचे, शनिमहाराजांचे राक्षसभुवन आमच्याच तालुक्यात आहे. अठरा वर्षांच्या पेशव्याने संकटात सापडलेल्या चुलत्याची सुटका केली आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला, हा इतिहास आमच्याकडे पुस्तकातून शिकविण्यापूर्वीच बांधावर ऐकू येतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे गजानन जागीरदारांनी ती दूरदर्शनवर आणली. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई झाल्या तेव्हा सारा महाराष्ट्र त्या जोडप्याच्या विरहवेदनेने विरघळून गेला. परंतु अण्णांसारख्या तालुक्यातील जाणत्यांना पडलेला प्रश्न निराळाच होता. नवराबायकोचे प्रेम कोणत्याही वाड्यात दाखविता येते, लढाईला मात्र जागा लागते, आणि ती जागा आमच्याकडे असताना आम्हांला कोणी विचारले कसे नाही? कलाकृतीने मुळाशी इमान राखावे या मागणीच्या बुडाशी पुष्कळदा आमच्या गावाचे नाव यावे एवढीच माफक अपेक्षा असते, हे सत्य मला अण्णांच्या संगतीत प्रथम उमगले.

तथापि मूळ शोधण्याचा हट्ट धरला म्हणजे ते सापडतेच असे नाही, किंबहुना खणावे तितके ते खाली जाते. बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ पासून पुढे चौऱ्याण्णव भाग चालले. त्यात राही मासूम रझा यांनी कथा सांगण्याचे काम साक्षात काळावर सोपविले, तेव्हा “व्यासांनी असं केलं नव्हतं,” अशी हरकत अण्णांनी तत्काळ नोंदविली. परंतु व्यासांनी तरी काय केले होते? व्यासांची ही कथा वैशंपायनाने जनमेजयाला सांगितली, तेथे ती ऐकून सौतीने नैमिषारण्यातील ऋषींना सांगितली, आणि आपल्या हाती येते ती ही तिसऱ्या मुखातली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडितांनी या महाग्रंथाचे शुद्ध रूप निश्चित करण्याचे काम १९१९ साली हाती घेतले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पडताळली आणि १९६६ साली एकोणीस खंडांत ते तडीस नेले. एवढे करून जी संहिता हाती आली तिच्यात, पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला पाहून द्रौपदीने काढलेले ते जगप्रसिद्ध उद्गार मुळीच नाहीत. ज्या बोलण्यामुळे युद्ध पेटले असे शेकडो कीर्तनकारांनी आणि हजारो सासऱ्यांनी घरोघरी बजावले, ते बोलणे मुळात बोललेच गेले नव्हते! विद्वानांना मूळ ठरविण्यास अर्धशतक लागले. आमच्या टपरीवर ते काम चहा निवण्यापूर्वी होते.

रामायणाची गत याहून चमत्कारिक आहे. रामानंद सागर यांची मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली तेव्हा कोणी कोणाला शिफारस करण्याचा प्रश्नच नव्हता. दूरदर्शन एक, वार एक, वेळ एक आणि गावात संच मोजके, त्यामुळे ज्याच्या घरी संच त्याच्या घरी गाव, असा सरळ हिशेब होता. या मालिकेच्या आरंभी आधारग्रंथांची जी नामावळी येई तिच्यात वाल्मीकी आणि तुलसीदास यांच्या बरोबरीने कंब, कृत्तिवास आणि मराठी भावार्थ रामायण यांचाही निर्देश असे. भावार्थ रामायण म्हणजे पैठणच्या नाथांचे, म्हणजे गोदेच्या वरल्या अंगाला आमच्या शेजारचे; तेवढ्यापुरते तरी अण्णांना समाधान वाटले. पण पुढे सीतेने लक्ष्मणरेषा ओलांडल्याचा प्रसंग आला, आणि ही रेषा वाल्मीकींच्या रामायणात मुळी आढळतच नाही असे एका शास्त्रीबुवांनी सांगताच जमलेल्या मंडळींत खळबळ उडाली. एक आजोबा काही वेळ विचार करून म्हणाले, “मग वाल्मीकीच्या ध्यानातून ऱ्हायलं असंल.” रूपांतराचा याहून मोठा विजय कोणता असू शकेल मला ठाऊक नाही : मूळ ग्रंथकारावरच विस्मरणाचा ठपका येतो आणि नंतरच्या नोंदीला मुळाचा दर्जा मिळतो.

हिंजवडीच्या पुतण्याने मागे एकदा मोठ्या दिमाखाने सांगितले की इंग्रजीतील ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेने कादंबऱ्यांनाही मागे टाकले. जॉर्ज मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ साली निघाला, पुढचा निघेना, आणि मालिकावाल्यांनी स्वतःच शेवट रचून २०१९ साली कारभार आटोपला. असे जगात कधी घडले नव्हते. त्यास आम्ही नम्रपणे कळविले की हा प्रकार पैठणास सोळाव्या शतकाच्या अखेरीसच घडून गेला आहे. नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि नाथांचा देह राहिला. उरलेला ग्रंथ पूर्ण केला तो त्यांचा शिष्य गावबा याने. आख्यायिका अशी की या गावबाला लहानपणी पुरणपोळीवाचून दुसरे काही सुचत नसे, आणि त्या हट्टापायीच त्याच्या आईने त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. मार्टिनसाहेबांच्या मालिकेच्या शेवटावर प्रेक्षक इतके संतापले की पुनर्लेखनाच्या मागणीचे अर्ज झाले. गावबाच्या शेवटावर असा अर्ज कोणी केल्याचे ऐकिवात नाही. यावरून पटकथाकारांच्या आहाराविषयी काही निष्कर्ष काढावयाचा असल्यास वाचकांनी तो आपल्या जबाबदारीवर काढावा.

मात्र प्राचीनांचा दाखला भलत्या ठिकाणी दिला जातो तेव्हा मनुष्याला निरुत्तर होण्यावाचून गत्यंतर नसते. दैनंदिन मालिकांच्या एका भक्ताशी बोलताना, एवढ्याशा कथेचे हे लोक शेकडो भाग करतात अशी तक्रार मी केली, तर तो ताडकन म्हणाला, “गीता सातशे श्लोकांची. ज्ञानेश्वर महाराजांनी त्याच्या नऊ हजार ओव्या केल्या, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत!” आपेगाव गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, म्हणजे हाही शेजारचाच दाखला, त्यावर वाद न घालता मी चपला शोधू लागलो. वास्तविक माउलींनी एका श्लोकाचा अर्थ उलगडण्यासाठी सरासरीने बारा-तेरा ओव्या खर्चिल्या. दैनंदिन मालिकेत एका वाक्याचा परिणाम सासू, सून, दीर, नणंद, मोलकरीण आणि भिंतीवरील गणपती यांच्या मुद्रांवर क्रमाक्रमाने तीन तीनदा दाखविण्यात येतो. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांच्या शिक्षणाला केलेला विरोध त्यांनी अशा संयमाने सांगितला आहे की वाचकाला आवंढा गिळावा लागतो. त्याच चरित्रावर २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका आली आणि घराघरांत आवडीने पाहिली गेली. परंतु ग्रंथातील संयम पडद्यावर आणावयाचा तर बाईने गप्प बसले पाहिजे; आणि मालिकेत बाई गप्प बसली की प्रेक्षकाला वाटते, वीज गेली.

याच्या उलट, काही वेळा रूपांतर मुळावर असा कब्जा करते की पुढे वहिवाटीने तेच मालक ठरते. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव कित्येक वर्षे वाचकांच्या मनात ज्याच्या त्याच्या चुलत्याच्या किंवा शेजाऱ्याच्या चेहऱ्याने वावरत होता. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ म्हणून उभे राहिले, आणि त्या दिवसापासून महाराष्ट्रातील हजारो खासगी चिमणराव बेदखल झाले. आज पुस्तक उघडले तरी पहिल्या ओळीपासून प्रभावळकरच बोलू लागतात. ही नोंद मात्र अण्णांनीही बिनतक्रार प्रमाणित केली आहे.

इतक्या अनुभवानंतर माझा असा ग्रह झाला आहे की मूळ आणि मालिका यांच्या तंट्यात खरा आरोपी कधी हजरच केला जात नाही. तो म्हणजे शिफारस करणारा. कादंबरीची मालिका करताना लेखक काही प्रसंग गाळतो, काही वाढवितो. परंतु टपरीवर ती मालिका आपल्याला सांगणारा मध्यस्थ जे गाळतो आणि वाढवितो त्यापुढे पटकथाकाराचे धाडस पोरकट ठरते. त्याच्या तोंडून ऐकलेला पोलीस फौजदार अधिक शूर, नायिका अधिक करारी आणि कट अधिक खोल असतो, कारण वाईट अभिनय, जाहिराती आणि रटाळ पाच भाग यांचा त्याने आपल्या कथनात लवलेश राहू दिलेला नसतो. मग आपण प्रत्यक्ष मालिका पाहावयास बसतो आणि हिरमुसतो. लोक म्हणतात मालिका पुस्तकाशी प्रामाणिक नाही. माझी तक्रार अशी की कोणतीही मालिका तिच्या शिफारशीशी प्रामाणिक नसते.

आणि हा मध्यस्थ हे फेरफार मनाच्या लहरीने करीत नाही, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून करतो, हे मी ज्या ठिकाणी प्रत्यक्ष पाहिले ते आमच्या शिवारातील ज्वारीचे रान होते. ‘महाभारत’ चालू असतानाच्या वर्षांतली ही गोष्ट. रब्बीची काढणी ऐन भरात, हाताला फडकी गुंडाळून बायांनी पात धरलेली. रविवारी सकाळी संच असलेल्या घरी भांडी घासायला जाणारी एक मावशी सोमवारी रानात सर्वांना मागील भाग सांगत असे; खरकटे काढायला मागल्या दारी जावे लागल्यामुळे मधला जो मजकूर हुकला असेल तो ती पदरचा घालून भरून काढी. त्या दिवशी कर्ण रंगभूमीवर उतरला होता, त्याचे कुळ विचारून त्याचा पाणउतारा झाला होता, आणि बांधावरून जाता जाता मी थबकलो.

“मग कुंती काय म्हणली?”

“काय म्हणतीय? चक्कर येऊन पडली.”

“आन् पडूनच ऱ्हायली?” एकीने उपटलेली धाटे हातातच धरून विचारले. “पोटचं लेकरू समोर उभं, चारचौघांत त्येचं कुळ काढायलेत, आन् ही पडून ऱ्हायली? माय, उठव की तिला!”

सगळी पात थांबली. मावशीने एकवार सर्वांच्या तोंडाकडे पाहिले आणि कुंतीला उठविले. “उठली ना. उठून भर सभंत म्हणली, ह्यो माझा थोरला हाय.”

पात पुन्हा चालू झाली. चार पेंढ्या बांधून होतात तोच एक म्हातारी म्हणाली, “मग लढाई कशाला हुईल?” प्रश्न बिनतोड होता; अठरा पर्वांपैकी निदान बारा त्याने निकालात निघत होती. मावशीने हातातील पेंढीला आळा घातला, गाठ मारली आणि म्हणाली, “त्यो म्हणला, माय, आज म्हणलीस, लै उशीर केलास. भरल्या सभंत ज्यानं मान दिला त्येला सोडून येऊ व्हय?”

“बरूबर हाय त्येचं,” असा एकमुखी निर्वाळा मिळाला आणि कौरव-पांडवांचे युद्ध वाचले. कुंती आणि कर्ण यांची ही भेट व्यासांनी पाचव्या पर्वात नदीकाठी, एकांतात घडविली आहे, आणि तेथेही कर्ण येण्यास नकारच देतो. मावशीने ग्रंथ पाहिला नव्हता, तिला अक्षरओळखही नव्हती. ती केवळ हितसंबंधितांची हरकत जागेवर ऐकून घेऊन निकाल देत व्यासांच्याच मुक्कामी येऊन पोहोचली. अण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की नोटीस लेखी होती की तोंडी.

पुढे त्या बायांपैकी एकीला एका रविवारी सुट्टी मिळाली. ती संच असलेल्या घरी ओसरीत बसून भाग पाहून आली आणि सोमवारी रानात येताच मावशीला धारेवर धरू लागली, “टीव्हीत तर कर्णाला अजून ठावंच नाही. ती कुंती काहीच बोललेली नाही म्हणं!”

मावशी पेंढी बांधीत होती. मान वर न करता म्हणाली, “त्येंना कुणी ‘उठव’ म्हणलं नसंल.”